पाणी पोचणार नाही अशी एक प्रत

अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये मी हिशेब लिहिते. कॉम्प्युटरशी संबंध टॅली आणि ईमेलपुरताच. पावसाळ्याच्या तोंडावर सेठ म्हणाले, "ताई, बॅकअपचं आता तुम्हीच बघा. काय लागेल ते सांगा." काय लागेल हेच मला सांगता येईना.

पहिला पेच होता, जपायचं काय? टॅली, हे उत्तर लगेच सुचलं. पण एकेका टेबलाशी जाऊन विचारायला लागले तेव्हा गोंधळ वाढत गेला. सीएनसी मशिनचे प्रोग्रॅम ऑपरेटरच्या पेन ड्राइव्हवर, पार्टीकडून आलेली ड्रॉइंग दुसऱ्याच कॉम्प्युटरवर, आणि ठरलेले भाव सेठच्या व्हॉट्सअॅपवर. टॅली गेलं तर फायलीतल्या चलनांवरून आणि बिलांवरून, महिनाभर खपून का होईना, पुन्हा भरता येईल. वर्षानुवर्षं सुधारत आणलेले प्रोग्रॅम मात्र कोणत्याच कागदावर नाहीत. आम्ही आजवर नक्कल ठेवत होतो ती फक्त टॅलीची. हे लक्षात आल्यावर मला खरोखर धास्ती वाटली.

किती काळ ठेवायचं, हे आमच्या सीएंनी सांगितलं. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेबाची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने सांभाळावी लागतात. म्हणजे रोजच्या नकलेवर उद्याची नक्कल चढवत राहून भागणार नाही. प्रत्येक आर्थिक वर्षाची एक प्रत वेगळी बाजूला काढायला हवी.

उल्हासनगरहून कॉम्प्युटर दुरुस्तीला येणाऱ्या दादांनी मग तीन-दोन-एकचा नियम समजावला. पीटर क्रोग या अमेरिकी छायाचित्रकारामुळे तो जगभर पसरला. डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या जागी. मी म्हटलं, सोपं आहे, एक हार्ड डिस्क मी बदलापूरला घरी नेते. दादांनी विचारलं, "ताई, घर कितव्या मजल्यावर?"

तळमजल्यावर, पश्चिमेला, उल्हास नदीपासून फार लांब नाही. त्या प्रश्नानं माझा सगळा बेत कोलमडला. २६ जुलै २००५ चा पूर आमच्या भागातलं कुणी विसरलेलं नाही. २७ जुलै २०१९ ला याच नदीच्या पाण्यानं बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकवली. हजारावर प्रवाशांना बाहेर काढायला एनडीआरएफ आणि नौदल आलं होतं. अंबरनाथहून उल्हासनगरकडे वाहणारी वालधुनी नदीही त्याच पावसानं फुगते. दोन स्टेशनांत दोन प्रती ठेवल्या, तरी एकाच रात्रीचा पाऊस दोन्हीकडे शिरू शकतो. पुस्तकी नियमातली 'दुसरी जागा' आपल्या नद्या बघूनच ठरवावी लागते, असं माझं मत तेव्हापासून पक्कं झालं. आमची डिस्क आता उल्हासनगरला सेठच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी कपाटात असते आणि एक प्रत क्लाउडवर.

क्लाउडबद्दलही मला वाटायचं, गुगल ड्राइव्ह जोडलं की काम संपलं. दादा म्हणाले, जोडलेलं फोल्डर म्हणजे बॅकअप नव्हे. इथे फाइल पुसली की तिथेही पुसली जाते. कचऱ्याच्या डब्यात ती ३० दिवस राहते, मग कायमची जाते. त्यांनी उदाहरण दिलं ते मला आजही थक्क करतं. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या नावाच्या व्हायरसनं मर्स्क या जहाज कंपनीचे कॉम्प्युटर जगभर निकामी केले. आपल्या न्हावाशेवा बंदरातलं त्या समूहाचं टर्मिनलही ठप्प झालं. त्यांचं नेटवर्क चालवणारे मुख्य सर्व्हर एकमेकांच्या नकला ठेवत होते, म्हणून वेगळी प्रत नव्हती, आणि ते सगळे एकदमच गेले. वाचला फक्त घानामधला एक, कारण वीज गेल्यामुळे तो नेमका तेव्हा नेटवर्कपासून तुटलेला होता. म्हणून आमची डिस्क नक्कल झाली की लगेच काढून ठेवली जाते. सतत लावून ठेवलेल्या डिस्कपर्यंत व्हायरसही पोचतो.

बॅकअप किती वेळा घ्यायचा, हे ठरवताना मी स्वतःलाच विचारलं, किती दिवसांचं काम हातानं पुन्हा भरता येईल? आमच्याकडे एका दिवसाचं. म्हणून रोज संध्याकाळी सगळ्या कॉम्प्युटरवर टॅलीतली कंपनी बंद करून टॅलीची प्रत निघते. ११ आणि २० तारखेच्या जीएसटी रिटर्नआधी एक जादा. ड्रॉइंग आणि प्रोग्रॅम दर शनिवारी.

सगळ्यात अवघड वाटलं ते रिस्टोअर, म्हणजे बॅकअपमधून डेटा परत आणणं. चालू डेटावर जुना डेटा चढला तर? या भीतीनं मी ते टाळत होते. दादांनी दुसऱ्या कॉम्प्युटरवर रिकामं फोल्डर करून त्यात रिस्टोअर करायला लावलं. कंपनी उघडली, मार्चअखेरची बँकेची शिल्लक पासबुकाशी जुळवली, आणि तेव्हा कुठे मला खात्री वाटली. आता ही तपासणी दर महिन्याला होते आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिची तारीख लिहिलेली असते.

अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगरातल्या माझ्यासारख्या हिशेबनीसांना एवढंच सांगते: यंदाचा मोठा पाऊस लागण्याआधी तुमचा शेवटचा बॅकअप एकदा दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा.