पहिल्या घराचे अनुदान आणि आधी भरायची रक्कम

पहिले घर घेणाऱ्यांना भारतात सरकारी मदत मिळाली ती मुख्यतः प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी भागातून. ही योजना जून २०१५ मध्ये सुरू झाली. तिच्यातील गृहकर्जावरील व्याज अनुदान आधी अल्प उत्पन्न गटापर्यंतच होते. १ जानेवारी २०१७ पासून ते मध्यमवर्गालाही लागू झाले. मुंबईच्या उपनगरांतील पगारदार कुटुंबांचा योजनेशी संबंध आला तो तेव्हापासून. विलेपार्ले पूर्वेला हनुमान रोडजवळच्या जुन्या इमारतीत पागडीच्या खोलीत राहणाऱ्या प्रस्तुत लेखिकेने व तिच्या पतीने २०१८ मध्ये या अनुदानावर विरारला घर घेतले. योजना कागदावर कशी होती आणि व्यवहारात कशी चालली, याचे हे विवेचन त्या अनुभवावर आधारलेले आहे.

अनुदानाचे गट वार्षिक कौटुंबिक उत्पन्नावर ठरत. सहा लाखांपर्यंत उत्पन्न असणाऱ्यांना कर्जाच्या पहिल्या सहा लाखांवर ६.५ टक्के, सहा ते बारा लाख उत्पन्नाला पहिल्या नऊ लाखांवर ४ टक्के आणि बारा ते अठरा लाखांना पहिल्या बारा लाखांवर ३ टक्के व्याज अनुदान मिळे. वीस वर्षांच्या या सवलतीचे आजचे मूल्य काढून ती रक्कम एकदम कर्जखात्यात जमा होई. त्यामुळे तिन्ही गटांना मिळणारी कमाल रक्कम अनुक्रमे सुमारे २.६७, २.३५ आणि २.३० लाख रुपये होती. लेखिकेचे कुटुंब मधल्या गटात होते.

पात्रतेची मुख्य अट अशी की भारतात कुठेही कुटुंबाच्या नावावर पक्के घर नसावे. कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अविवाहित मुले. पार्ल्यात ही अट वाचायला सोपी, पण सिद्ध करायला अवघड ठरे. पागडीचा भाडेकरू कितीही पिढ्या त्या खोलीत राहिला तरी इमारतीचा मालक नसतो, म्हणून अशी खोली आड येत नाही. कोकणातील घराचा प्रश्न मात्र वेगळा. पार्ल्यातील अनेक कुटुंबांचे गावी वडिलोपार्जित घर असते आणि त्याची घरपट्टी कोणाच्या नावावर येते, हे मुंबईत कोणी फारसे पाहत नाही. लेखिकेच्या सासरचे रत्नागिरी जिल्ह्यातील घर सासऱ्यांच्या नावावर होते. व्याख्येनुसार सासरे वेगळे कुटुंब, म्हणून अर्ज पात्र ठरला. तेच घर वारसाहक्काने पतीच्या नावावर चढले असते, तर अर्ज तिथेच संपला असता. बँकेच्या शाखेत प्रथम गावी घर असल्यामुळे अर्ज चालणार नाही असे सांगण्यात आले. ग्रामपंचायतीचा घरपट्टीचा उतारा आणि प्रतिज्ञापत्र दिल्यावर तो स्वीकारला गेला. गावच्या घराचा उतारा आधी काढून ठेवणे किती गरजेचे आहे, हे त्यातून स्पष्ट झाले.

घराची किंमत ३२ लाख रुपये होती. तीस लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँकेला किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत कर्ज देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने दिली आहे, पण या व्यवहारात ८० टक्के, म्हणजे २५ लाख ६० हजार मंजूर झाले. उरलेले ६ लाख ४० हजार स्वतःचे. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च कर्जासाठी घराच्या किमतीत धरला जात नाही. सहा टक्के मुद्रांक शुल्क १ लाख ९२ हजार आणि नोंदणी फी ३० हजार मिळवल्यावर हातात लागणारी रक्कम ८ लाख ६२ हजारांवर गेली. ती उभी राहिली भविष्य निर्वाह निधीतून काढलेल्या पैशांतून, नोकरीच्या ठिकाणच्या पतपेढीच्या कर्जातून आणि लेखिकेच्या आईने मोडायला दिलेल्या पाटल्यांतून.

या उभारणीत अनुदानाचा एक रुपयाही नव्हता. बँकेने कर्ज वाटल्यानंतर अर्ज नोडल संस्थेकडे जाई आणि छाननी झाल्यावर रक्कम खात्यात येई. लेखिकेच्या खात्यात ती यायला काही महिने लागले. आल्यानंतर मुद्दल कमी होऊन मासिक हप्ता सुमारे दोन हजार रुपयांनी उतरला. वीस वर्षे दरमहा मिळणारा हा दिलासा मोठा आहे; पतपेढीचा हप्ताही चालू असताना त्याची किंमत घरातल्या प्रत्येकाला कळत होती. परंतु पाटल्या मोडण्याची वेळ त्याने टाळली नाही. इंग्लंडमध्ये २०१३ ते २०२३ या काळात ‘हेल्प टू बाय’ योजनेतून सरकार नव्या घराच्या किमतीच्या सर्वसाधारणपणे २० टक्क्यांपर्यंत रक्कम खरेदीच्या वेळीच कर्जाऊ देत असे. भारतीय अनुदानाची रचना तशी नव्हती.

खरेदीच्या दिवशीच उपयोगी पडणारी मदत महाराष्ट्रात दोन ठिकाणी दिसते. आवास योजनेखाली बांधलेल्या म्हाडाच्या घरांत केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख रुपये लाभार्थ्याला द्याव्या लागणाऱ्या किमतीतूनच कमी होतात. मात्र त्यासाठी सोडतीत नाव लागावे लागते. दुसरी मदत मुद्रांक शुल्काची. १ एप्रिल २०२१ पासून केवळ महिलेच्या नावावर घेतलेल्या निवासी घराला एक टक्का सूट आहे. पती-पत्नीच्या संयुक्त नावाला ती मिळत नाही.

मध्यम उत्पन्न गटांसाठीचे जुने अनुदान ३१ मार्च २०२१ रोजी आणि अल्प उत्पन्न गटांसाठीचे ३१ मार्च २०२२ रोजी थांबले. १ सप्टेंबर २०२४ पासून लागू झालेल्या दुसऱ्या टप्प्यात नऊ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न, ३५ लाखांपर्यंत किमतीचे घर आणि २५ लाखांपर्यंत कर्ज या मर्यादा आहेत. कर्जाच्या पहिल्या आठ लाखांवर ४ टक्के अनुदान असून कमाल १ लाख ८० हजार रुपये पाच वार्षिक हप्त्यांत मिळतात. पार्ल्यात ३५ लाखांत घर मिळत नाही. त्यामुळे पार्लेकराला या योजनेसाठी आजही विरार, बदलापूरकडेच पाहावे लागते.

व्याज अनुदान कर्ज हलके करते, घर घेण्याची पहिली रक्कम देत नाही. त्यातील थोडा भाग नोंदणीच्या वेळीच मुद्रांक शुल्कातून वळता केला, तर अनेक कुटुंबांना दागिने मोडावे लागणार नाहीत. शासनाने हा बदल करावा. तोवर पहिले घर घेणाऱ्याने किमतीचे वीस टक्के, मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी एवढी रक्कम स्वतःकडे जमल्याशिवाय, केवळ अनुदानाच्या भरवशावर, टोकन देऊ नये.