मशीन बदलू की पाती?

थिकनेस प्लेनर फळी सरळ करत नाही, ती एकसारख्या जाडीची करतो. हा फरक मला वेळेवर कळला असता तर बरेच पैसे आणि त्याहून मोलाचा जुना सागवान वाचला असता. छंद म्हणून सुतारकाम करणारं कुणी मला विचारतं, 'आहे त्या मशीनमध्ये सुधारणा करू की नवीनच घेऊ?', तेव्हा मी आधी हेच सांगते. माझा गोंधळ इथूनच सुरू झाला होता.

मशीनच्या आत काय घडतं ते बघा. फळी आत सरकवली की दोन रूळ तिला खालच्या सपाट बेडवर दाबून धरतात आणि पुढे ओढतात. वर वेगाने फिरणारी पाती वरचा थर काढतात. फळीला पीळ असेल तर रुळांखाली तो तेवढ्यापुरता दबतो, पाती त्या दबलेल्या फळीवरून फिरतात, फळी बाहेर येते, दाब सुटतो आणि पीळ परत होता तसा. वरचा भाग मात्र आरशासारखा गुळगुळीत झालेला असतो, त्यामुळे शंकाच येत नाही.

माझं मशीन १२ इंची, बाकड्यावर ठेवायचं, घरच्या सॉकेटवर चालणारं. असं हलकं मशीन हौशी माणसाच्या आवाक्यात आलं ते १९८० च्या दशकात, रायोबीच्या 'एपी-१०' या १० इंची प्लेनरपासून. त्याआधी रंधा मशीन म्हणजे कारखान्यातलं ओतीव लोखंडाचं धूडच. हलकेपणाची किंमत असते. यात कार्बन ब्रशची मोटर असते, ती कर्कश ओरडते आणि थोडा जास्त भार आला की दमते. पण कामाला ते कमी नाही. माझ्या मशीनच्या पुस्तिकेत मिनिटाला ८,५०० फेरे आणि फळी सरकण्याचा वेग मिनिटाला ८.५ मीटर दिला आहे. पाती दोन. म्हणजे एका मिलिमीटरला दोन काप. घरगुती फर्निचरला एवढं पुष्कळ होतं. हा हिशेब मी खरेदीच्या आधी एकदा जरी केला असता तरी 'मशीनच कमी पडतंय' असं म्हणताना अडखळले असते.

आजोळचं कोकणातलं घर उतरवलं तेव्हा वासे आणि तुळया मी पुण्याला आणल्या. त्यातून मावशीच्या कपाटाची दारं करायची होती. रंधून झालेल्या प्रत्येक फळीवर एकाच जागी, या टोकापासून त्या टोकापर्यंत एक बारीक उंचवट्याची रेघ येऊ लागली. गाठींच्या आजूबाजूला लाकूड उपटून खळगे पडत होते. आणि दारं जोडल्यावर त्यांचा एक कोपरा चौकटीपासून वर राहायचा. या तीन तक्रारींचं मी एकच गाठोडं बांधलं आणि त्यावर 'मशीन जुनं झालं' अशी चिठ्ठी लावली. तिन्हींची कारणं वेगवेगळी असतील, असं माझ्या मनातही आलं नाही.

मग बरंच वाचलं, बरेच व्हिडिओ पाहिले आणि हेलिकल कटरहेड मागवलं. यात दोन लांब पात्यांच्या जागी एका नळकांड्यावर मळसूत्री रांगांमध्ये टंगस्टन कार्बाइडचे लहान चौकोनी तुकडे बसवलेले असतात. अमेरिकेत केंटकीमध्ये बनणारं बर्डचं 'शेलिक्स' हे यातलं गाजलेलं नाव. मी घेतलं ते दुसरं होतं. आयात शुल्क आणि वाहतूक धरून त्याची किंमत मशीनच्या किमतीच्या निम्म्याच्या पुढे गेली.

ते येईपर्यंत घरात एक मेस्त्री दुसऱ्या कामाला आले होते. गॅरेजमधल्या फळ्या बघून त्यांनी त्या रेघेवरून नख फिरवलं.

"ताई, यात खिळा होता ना?"

"काढले होते सगळे."

"एक मोडका राहिला असणार आत. दोन्ही पात्यांना एकाच जागी दात पडलाय."

त्यांनी प्लग काढला, झाकण उघडलं, एका पात्याचे स्क्रू सैल करून ते सूतभर डावीकडे सरकवलं आणि परत आवळलं. आता एका पात्याच्या खाचेतून जे लाकूड सुटेल ते दुसरं पातं कापणार. पुढची फळी बाहेर आली तिच्यावर रेघ नव्हती. खर्च शून्य. मला आनंद व्हायला हवा होता, पण ऑर्डरचे पैसे तोपर्यंत भरून झाले होते.

खरं तर त्याच दिवशी मी पुढचा प्रश्न विचारायला हवा होता: मग उरलेल्या दोन तक्रारींचं काय? तो विचारला नाही. हेड येणार आहे, तेच सगळं निस्तरेल, असं धरून बसले. आज मागे वळून पाहताना मला सगळ्यात जास्त लागतं ते हेच. समोर जाणता माणूस उभा होता, आणि पैसे भरलेत म्हणून मी त्यांना काही विचारलं नाही.

हेड बसवतानाही घाई केली. कार्बाइडचा प्रत्येक तुकडा ज्या खोबणीत बसतो ती अगदी स्वच्छ लागते. आत भुशाचा एक कण राहिला तरी तुकडा केसभर वर उचलला जातो आणि फळीवर रेघ उमटते. स्क्रूही ठरलेल्या जोरानेच आवळायचा. जास्त आवळला तर तुकड्याला तडा जातो, कारण कार्बाइड कठीण तसंच ठिसूळ. मी तुकडे फिरवून पाहिले, खोबणी फक्त फुंकून साफ केल्या आणि हाताच्या अंदाजाने स्क्रू आवळले. एवढा खर्च करून पहिल्याच फळीवर रेघा आल्या. सगळे तुकडे काढून, खोबणी ब्रशने घासून, टॉर्क रेंच आणून पुन्हा बसवले तेव्हा काम नीट झालं.

त्यानंतर हेडचे गुण दिसले, आणि ते खरे आहेत. सागवानात सिलिका असते, ती पोलादी पात्यांची धार लवकर मारते. कार्बाइड तिथे कितीतरी जास्त टिकतं. तुकड्याला चार धारा असतात. खिळ्याने एक दुखावली तर तेवढाच तुकडा फिरवायचा. काप तिरका जातो, त्यामुळे गाठीभोवती, जिथे रेषा उलटी फिरते तिथे लाकूड उपटणं खूपच कमी झालं. आवाजही उतरला, कारण पातं पूर्ण रुंदीवर एकदम आदळत नाही. मात्र मोटरवर भार वाढला. आधीसारखाच एका वेळी मिलिमीटरभर थर काढायला गेले तर रुंद फळीला ओव्हरलोडचं बटण उडू लागलं. आता अर्ध्या मिलिमीटरवर काम करते, वेळ जास्त लागतो.

आणि दारांचा कोपरा? तो वरच राहिला.

यावेळी मी मेस्त्रींना मुद्दाम बोलावलं. त्यांनी दोन सरळ पट्ट्या घेतल्या, एक फळीच्या अलीकडच्या टोकावर आडवी ठेवली, एक पलीकडच्या, आणि मला खाली वाकून एका डोळ्याने बघायला सांगितलं. अलीकडच्या पट्टीच्या वरच्या कडेशी पलीकडची कड जुळायला हवी होती. ती डावीकडे बुडली होती आणि उजवीकडे स्पष्ट वर आली होती. सगळा पीळ डोळ्यासमोर, आणि फळी रंधून झालेली! मेस्त्रींनी हातरंधा घेतला, कर्णाने समोरासमोर येणारे दोन उंच कोपरे तेवढे तिरके मारून काढले, मधूनमधून पट्ट्या ठेवून पाहिलं. एक बाजू टेकली. मग ती सपाट बाजू खाली करून फळी प्लेनरमधून काढली. बाहेर आली ती खरोखर सरळ.

हे काम सरफेस प्लेनरने होतं, हातरंध्याने होतं, किंवा पिळाची फळी सपाट एमडीएफच्या पाटावर पाचरी लावून घट्ट बसवली आणि पाटासकट प्लेनरमधून काढली तरी होतं. थिकनेसर कितीही महागडा घेतला, कसलंही हेड बसवलं, तरी एक बाजू आधी सपाट केल्याशिवाय तो पीळ काढत नाही. टोकाला दोन-तीन इंच जास्त खोल कापलं जातं, ज्याला स्नाइप म्हणतात, त्याचंही बऱ्याच अंशी तसंच. टोक एकाच रुळाच्या पकडीत असतं तेव्हा फळी उचलली जाते. आत जाताना आणि बाहेर पडताना फळीचं मोकळं टोक किंचित वर धरलं की ते पुष्कळ कमी होतं.

नवीनच मशीन घ्यावं का म्हणून भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटकडे जाऊन मोठी मशीनंही बघून आले होते. ओतीव लोखंडाचं अंग, इंडक्शन मोटर, आवाज खोल आणि स्थिर, फळी लोण्यातून गेल्यासारखी जाते. मन तिथेच राहिलं होतं. पण मी पाहिली ती थ्री-फेजवर चालणारी, आणि माझ्या गॅरेजमध्ये गाडी बाहेर काढल्याशिवाय तसलं मशीन मावणारही नाही. ज्याचं पोट यावर आहे, किंवा ज्याला रोज १२ इंचांहून रुंद फळ्या काढायच्या आहेत, त्याने तेच घ्यावं. मला वर्षातून काही वेळाच तसल्या फळ्या लागतात, आणि मजुरीवर रंधून देणारे तिथेच आहेत. टेम्पोचं भाडं धरूनही ते परवडतं.

नवीन मशीनसाठी बाजूला काढलेल्या पैशांतून मी १४ इंची, पाच नंबरचा लोखंडी रंधा घेतला आणि उरलेल्यातून भुसा ओढणारं यंत्र. ते यंत्र सगळ्यात आधी घ्यायला हवं होतं. इतकी वर्षं बंद गॅरेजमध्ये, तोंडाला साधा रुमाल बांधून मी सागवान रंधत होते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकलं, आणि मी मात्र कटरहेडच्या जाहिराती वाचत होते. आता यंत्र लावते, शटर उघडं ठेवते, मास्क चांगल्या प्रतीचा वापरते. मावशीची दारं नव्याने करायला घेतली आहेत. दोन झाली, तिसऱ्यासाठी तुळईचा एक तुकडा उरला आहे. खिळ्यांसाठी तो डिटेक्टरने तपासून ठेवलाय.