सहकुटुंब सहपरिवार

१ एप्रिल २०२४, सोमवार. सकाळी आमच्या एका अमेरिकी ग्राहकाची तीन ओळींची मेल आली. तुमच्या सॉफ्टवेअरच्या आत काय काय आहे त्याची पूर्ण यादी शुक्रवारपर्यंत पाठवा. तारीख बघून मला आधी कोणाची तरी चेष्टा वाटली. टीम लीडने ती मेल माझ्याकडे ढकलताना वर एक ओळ लिहिली होती : 'अर्ध्या तासाचं काम आहे, रिक्वायरमेंट्सची फाइल पाठवून दे.'

मी फाइल उघडली. ३१ ओळी होत्या. चहा संपायच्या आत होईल असं वाटलं.

ज्यांचा कोडशी संबंध येत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आजकाल कोणीच सगळा प्रोग्राम स्वतः लिहीत नाही. तारीख ओळखायची आहे, फोटो लहान करायचा आहे, इंटरनेटवरून काही आणायचं आहे, तर जगात कोणीतरी ते आधीच लिहून फुकट ठेवलेलं असतं. त्याला पॅकेज म्हणतात. आपण फाइलमध्ये फक्त त्याचं नाव लिहायचं, एक कमांड द्यायची, की ते आपल्या कॉम्प्युटरवर येऊन बसतं. मग ती आपली डिपेन्डन्सी. (एचआरच्या विम्याच्या फॉर्मवर 'डिपेन्डंट' या रकान्यात मी आई-बाबांची नावं लिहिते, कारण ते माझ्यावर अवलंबून. कोडमध्ये उलटं असतं. तिथे अवलंबून असणारे आपण.)

पण पॅकेज एकटं येत नाही. त्यालाही कोणाची तरी मदत लागते, त्या मदत करणाऱ्याला आणखी कोणाची. लग्नपत्रिकेवर आपण 'सहकुटुंब सहपरिवार' असं छापतो ना, तसं. पत्रिका ३१, आणि प्रत्यक्षात जेवायला किती, हे पंगत बसल्यावर कळतं. आमच्या पंगतीत पायथनच्या बाजूला १८६ जण बसले होते. वेबसाइटच्या म्हणजे जावास्क्रिप्टच्या बाजूला हजाराच्या वर. त्यातल्या बहुतेकांना आम्ही बोलावलं नव्हतं.

ग्राहकाला अचानक जाग का आली हेही उघड होतं. आदल्याच शुक्रवारी, २९ मार्चला, अँड्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याने जाहीर केलं होतं की 'एक्सझेड' या फाइली दाबून लहान करणाऱ्या साधनात कोणीतरी चोरदार बसवलंय. ५.६.० आणि ५.६.१ या दोन आवृत्त्यांमध्ये. लिनक्सच्या जवळपास प्रत्येक यंत्रावर एक्सझेड असतं, पण ते आपल्याकडे आहे याचा कोणी विचारही करत नाही. फ्रॉइंडला ते सापडलं कसं, तर दूरच्या कॉम्प्युटरवर लॉगिन करायला अर्धा सेकंद जास्त लागत होता आणि तो अर्धा सेकंद त्याला खटकला म्हणून. त्या नव्या आवृत्त्या अजून सगळीकडे पोचल्या नव्हत्या, म्हणून थोडक्यात निभावलं. चोरदार बसवणारा 'जिया तान' हा काही खिडकी फोडून आलेला नव्हता. दोन वर्षं तो या प्रकल्पाला निमूटपणे मदत करत होता. मूळ सांभाळणारा माणूस एकटा, बिनपगारी आणि थकलेला. त्याने हळूहळू किल्ल्या दिल्या.

तर यादी.

मला वाटलं होतं, फाइलच्या ओळी वाचायच्या, नाव आणि आवृत्ती वेगळी करायची, झालं. पण या फाइलमध्ये माणसं काहीही लिहून ठेवतात. एका ओळीत नुसतं नाव, आवृत्तीच नाही, म्हणजे जे मिळेल ते. एका ओळीत 'यापेक्षा नवीन चालेल'. एका ओळीत 'पायथन ३.८ पेक्षा जुनं असेल तरच'. एक ओळ म्हणत होती, 'ती दुसरी फाइलही वाच', आणि ती दुसरी फाइल तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या कोणीतरी लिहिलेली. जावास्क्रिप्टच्या फाइलमधली टोपीची खूण तर मी इतकी वर्षं नुसतीच बघत आले होते. ^१.२.३ असं लिहिलं की १.२.३ पासून २ च्या अलीकडचं काहीही चालतं. पण ^०.२.३ असेल तर ०.३ च्या अलीकडेच थांबायचं. एकच टोपी, दोन अर्थ. याला कारण आहे, शून्याने सुरू होणारी आवृत्ती म्हणजे अजून कच्चं काम, तिथे जपून. पण मंगळवारी रात्री साडेनऊला कारणाचं कौतुक करायच्या मनःस्थितीत मी नव्हते.

शिवाय नावांचा घोळ. दुकानात एक नाव, घरात दुसरं. पॅकेज आणायचं 'पिलो' नावाने आणि कोडमध्ये हाक मारायची 'पीआयएल' म्हणून. 'सायकिट-लर्न' आणून 'एसकेलर्न' म्हणायचं. त्यामुळे कोड वाचून कोणतं पॅकेज वापरलंय हे थेट कळत नाही, टोपणनावांची वेगळी वही ठेवावी लागते.

माझ्या स्क्रिप्टने बुधवारी सकाळी छातीठोकपणे सांगितलं की १.९ ही आवृत्ती १.१० पेक्षा नवीन आहे. मी आकडे अक्षरांसारखे ताडून बघत होते. कॉलेजात पहिल्या वर्षाला करतात ती चूक. शेवटी आवृत्त्या नियमाप्रमाणे वाचणारं एक तयार पॅकेज आणलं. म्हणजे डिपेन्डन्सी मोजण्यासाठी आणखी एक डिपेन्डन्सी. यादी १८७.

सगळ्यात अवघड गोष्ट वेगळीच निघाली. काही जुन्या पायथन पॅकेजेसना काय काय लागतं हे साध्या फाइलमध्ये लिहिलेलंच नसतं. तो एक प्रोग्राम असतो, तो चालवला तरच उत्तर मिळतं. म्हणजे बाहेर कोण उभं आहे हे कळायला आधी दार उघडायचं, आणि दार उघडलं की तो आतच. मग मी एका वेगळ्या बंदिस्त यंत्रावर, इंटरनेट तोडून, ते प्रोग्राम एकेक करून चालवले. लीडने विचारलं, "अजून चाललंय?" मी मान हलवली.

त्याच आठवड्यात एकदा ताईचा फोन आला होता, आणि तिच्याशी बोलताना मला या सगळ्यासाठी एक चांगलं उदाहरण मिळालं. भाच्याला सहाव्या वर्षी सिलिॲक निघाला, म्हणजे गहू पूर्ण बंद. ताईने पोळी, ब्रेड, रवा, बिस्किटं सगळं घरातून काढलं होतं. तरी त्याचं पोट दुखायचं थांबेना. आहारतज्ज्ञ बाईंनी खाल्लेल्या प्रत्येक गोष्टीची यादी मागितली. ताई वैतागून म्हणाली, "अहो, वरण-भात खातो फक्त, वरणात गहू कुठून येणार?" त्या म्हणाल्या, "फोडणीत काय घालता?" हिंगाच्या डबीवर बारीक अक्षरात लिहिलं होतं : गव्हाचं पीठ. आपण वापरतो तो बांधणी हिंग, खडा हिंग फार उग्र म्हणून त्यात पीठ आणि डिंक मिसळलेला असतो. वरणात फोडणी, फोडणीत हिंग, हिंगात गहू. ताईने ती डबी त्याच दिवशी कामवाल्या मावशींना देऊन टाकली आणि डब्यांवरची बारीक अक्षरं वाचण्यासाठी नवा चष्मा केला.

गुरुवारपर्यंत माझी यादी पूर्ण झाली. मग प्रश्न आला, यातलं चांगलं काय आणि वाईट काय? एक्सेलमध्ये रकाने केले : शेवटची आवृत्ती कधी आली, सांभाळणारी माणसं किती, परवाना कोणता, माहीत असलेली भोकं आहेत का. भोकांचं काम सोपं, त्याच्या जाहीर याद्या असतात. परवान्याचंही सोपं, फक्त दोन पॅकेजेसना परवानाच नव्हता, आणि परवाना नाही याचा अर्थ 'घ्या फुकट' असा नसून 'हात लावू नका' असा होतो हे लीडला पटवायला वीस मिनिटं गेली.

'शेवटची आवृत्ती कधी' या रकान्यावर मात्र माझा विश्वास नाही. जुनं म्हणजे मेलेलंच असं नसतं. काही कामं पूर्ण होतात. 'लेफ्ट-पॅड' नावाचं पॅकेज होतं, ११ ओळींचं, अक्षरांच्या डावीकडे जागा भरणारं. त्यात सुधारायचं काय होतं? मार्च २०१६ मध्ये लिहिणाऱ्याने नावाच्या एका भांडणातून चिडून आपली सगळी पॅकेजेस काढून घेतली, आणि त्या ११ ओळींवाचून जगभरचे मोठमोठे प्रकल्प बांधता येईनात. काही तासांत ते परत ठेवावं लागलं. म्हणजे खरा प्रश्न कोड किती जुना हा नसून, त्याच्या मागे कोण आहे आणि त्याचं कसं चाललंय हा असतो. एक्सेलमध्ये याचा रकाना करता येत नाही.

ओळ क्रमांक ११४. पीडीएफमधले तक्ते वाचणारं एक पॅकेज. नाव सांगत नाही. शेवटची आवृत्ती २०१९. सांभाळणारी माणसं : एक. न सुटलेल्या तक्रारी ८७. शेवटच्या तक्रारीखाली कोणीतरी विचारलेलं, 'कोणी आहे का?' उत्तर नव्हतं.

आणि आमच्या ग्राहकाचं प्रत्येक बिल याच्यातून जातं.

हे कोणी घातलं म्हणून मी बघितलं. गिटमध्ये प्रत्येक ओळीपुढे ती लिहिणाऱ्याचं नाव निघतं, त्या कमांडचं नावच 'ब्लेम' आहे. नाव माझं होतं. १४ मे २०२१, रात्री २ वाजून १० मिनिटं. सोबत लिहिलेली नोंद : 'बिल्ड फिक्स'.

ती रात्र मला आठवते. दुसरी लाट. बाबा सांगलीत ऑक्सिजनवर, मी हॉस्पिटलसमोरच्या मेडिकलच्या पायरीवर लॅपटॉप घेऊन बसलेली. आत जाऊ देत नव्हते आणि घरी जाववत नव्हतं. ऑफिसात मी रजा मागितली नव्हती, मिळाली असती की नाही माहीत नाही. सर्च केलं, पहिलं जे पॅकेज चाललं ते टाकलं, ढकललं. कोणी लिहिलंय, कधी लिहिलंय, काही बघितलं नाही. बाबा त्यानंतर नऊ दिवसांनी घरी आले. ती ओळ तीन वर्षं तिथेच राहिली.

शुक्रवारी यादी पाठवली. ११४ समोर लाल रंग, आणि 'घालणारी' या रकान्यात माझं नाव. तो रकाना कोणी मागितला नव्हता. लीड म्हणाला, "काढून टाक." मी काढला नाही, मग त्याने काढला.

कंपनीपुरतं उत्तर सोपं होतं. आम्ही त्या पॅकेजमधलं एकच फंक्शन वापरत होतो. परवाना मोकळा होता, मूळ लेखकाचं नाव राखून तेवढा भाग आमच्याकडे उचलून घेतला. पण महिन्याला हजारो लोक ते उतरवत होते, आणि त्यातल्या काहींच्या वरणात ते चौथ्या पायरीवरून पडत असणार. मी त्या माणसाला मेल केली. सगळं ठीक आहे ना, असं विचारलं. पॅकेज आता सांभाळलं जात नाही असं पानावर लिहून ठेवाल का, एवढंच मागितलं.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. आता शाळेत शिकवतो, मुलं लहान आहेत, या कामाला वर्षानुवर्षं हात लावलेला नाही. आणि शेवटी : तुला हवंय का? युजरनेम पाठव, मालक म्हणून जोडतो.

मी लॅपटॉप मिटून बाल्कनीत जाऊन उभी राहिले. २०१८ मध्ये 'इव्हेंट-स्ट्रीम'चं असंच झालं होतं. लाखोंनी वापरलं जाणारं पॅकेज, कंटाळलेला लेखक, मदत करतो म्हणणारी एक अनोळखी मेल. त्याने हक्क देऊन टाकले, आणि नव्या मालकाने हिंगाच्या डबीसारखं आत एक छोटं पॅकेज घातलं. ते लोकांच्या बिटकॉइनच्या पाकिटांवर डल्ला मारण्यासाठी होतं. मी ही गोष्ट नवीन मुलांना सांगते, आणि सांगताना त्या लेखकाला नेहमी थोडी हसते. आता त्या गोष्टीतली अनोळखी मेल माझी होती.

चार दिवस मी उत्तर दिलं नाही. लीड म्हणाला, "घे की. तू नाही घेतलंस तर दुसरा कोणी मागेल." यात चूक काढता येईना.

मी हो म्हटलं, पण दोन अटींवर. तोही मालक म्हणून राहील, आणि आधी आपण व्हिडिओवर बोलू. वीस मिनिटं बोललो. मागे त्याची मुलगी रडत होती. मी त्याला विचारलं, मी कोण आहे हे तपासलंस का? तो म्हणाला, नाही, पण तुझी मेल सभ्य होती. मी म्हटलं, जिया तानच्याही सभ्यच होत्या. तो हसला, मग थोडा वेळ गप्प बसला. त्याने माझं प्रोफाइल माझ्यासमोर उघडलं आणि वर-खाली केलं. "ठीक वाटतंय," म्हणाला.

८७ तक्रारींपैकी मी आजवर १९ सोडवल्या. रविवारी सकाळी दोन तास, आईचा फोन येईपर्यंत. पैसे कोणी देत नाही, तशी अपेक्षाही नव्हती. पण 'हे चालत नाही, ताबडतोब दुरुस्त करा' असं लिहिणारे इतके असतील असंही वाटलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात एक मेल आली. तुमचं काम आवडलं, एकटीला जड जात असेल, मी मदत करू का? सोबत एका जुन्या तक्रारीवरची दुरुस्ती जोडलेली. मी नाव शोधलं. खातं सहा आठवड्यांपूर्वी उघडलेलं, फोटो नाही, गाव नाही, बाकी कुठेही काम नाही. माझं खातंही कधीतरी सहा आठवड्यांचं होतं. वॉलचंदच्या लॅबमधून उघडलं होतं, तेव्हा माझाही फोटो नव्हता.

दुरुस्ती ४२ ओळींची आहे. मी ती तीनदा वाचली. चांगली आहे, मला सुचली नसती अशी. टॅब अजून उघडा आहे.