गाडी उभी होती

वडीगोद्रीच्या चौकात ट्रकवाल्यांच्या गप्पा रंगल्या की माझे चुलते, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, चपलेतून पाय काढून टाच दाखवायचे. "ही चालत्या गाडीत न्हाई गेली. गाडी हुभी व्हती."

जायकवाडीच्या डाव्या कालव्याचं पाणी आलं नि आमच्याकडं ऊस वाढला. आबा उसाच्या गाडीवर ड्रायव्हर झाले. टोळीची माणसं मोळ्या घेऊन फळीवरून चढायची, गाडी केबिनच्याही वर भरायची. मग दोर आवळायचं काम ड्रायव्हर-किन्नराचं. बघणाऱ्याला ते किरकोळ वाटतं. पण पायाखाली गुळगुळीत ऊस, त्यावर वाढे, पहाटेचं दव. आणि दोर नुसत्या हातानं ओढला जात नाही, सगळं अंग मागं टाकावं लागतं. दोर आहे तोवर तोल आहे. त्या पहाटे दोर तुटला, फाळक्याच्या कडेला घासून विरला होता तिथंच. आबा दहा-बारा फुटांवरून दोन्ही पायांवर आदळले. डाव्या टाचेचं हाड फुटलं. त्यानं माणूस मरत नाही, पण क्लच दाबायचा पाय जातो.

दवाखान्यात कागद भरणाऱ्यानं विचारलं, "कुणी धडक दिली?"

"न्हाई. गाडी हुभी व्हती."

"मग अपघात कसला?" त्यानं 'पडून' असं लिहिलं. जणू आबा घरच्या माळवदावरून पडले! मालकानं प्लास्टरचे पैसे दिले, हे खरं. तिसऱ्या दिवशी गाडीवर दुसरा ड्रायव्हर बसवला, हेही खरं.

तेव्हापासून उभ्या गाडीकडं माझं लक्ष जायला लागलं. ट्यूबच्या टायरची लोखंडी लॉक रिंग तर मला सापासारखी वाटते. गंजलेली किंवा वाकडी रिंग खाचेत नीट बसली नाही, तर शंभर पौंडांच्या आसपास हवा भरताना ती उडते, आणि वाकून बघणाऱ्याचं तोंड फोडते. म्हणून चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवून, लांब उभं राहून हवा भरावी. आमच्या रस्त्याला पिंजरा असलेलं दुकान मी पाहिलं नाही. फार तर चाकात टॉमी अडकवतात. बाकी जॅक सरकणं, वाऱ्यात ताडपत्री भरून माणूस खाली येणं, झोपेत केबिनमधून उडी मारून पाय मुरगळणं, हे तर कुणी धरतच नाही.

कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ चा होता, ड्रायव्हर-क्लीनर त्यात यायचे. दुखापत कामावर असताना, कामामुळं झालेली लागायची. गाडी चालती पाहिजे अशी अट कुठंच नव्हती. दावा मात्र दोन वर्षांच्या आत करावा लागायचा. आम्हाला हे एका वकिलाकडून कळलं तेव्हा तिसरं वर्ष सरत आलं होतं. हजेरीचा कागद नव्हता, आणि दवाखान्याच्या कागदावर 'पडून' एवढंच.

पुढं रस्ता चौपदरी झाला. तरी चौकात उसाची गाडी थांबली की आबा लंगडत जायचे, दोर बोटांनी चाचपत जायचे. पोरं हसायची. विरलेली जागा सापडली की ड्रायव्हरला हाक मारायचे, "आरं लेकरा, मालक नवा देत नसंल तर एवढं काप, अन् मग आवळ."