नावाडी कोण?

वऱ्हाडाचा आणि समुद्राचा संबंध काय, असें कोणी विचारील. परंतु अमरावती-अकोल्याकडचा कापूस दीडशें वर्षांहून अधिक काळ मुंबईच्या बंदरांतून परदेशीं जात आला आहे. आतां आमच्या घरचीं मुलेंही जहाजांवर नोकरीस जाऊं लागलीं आहेत. तेव्हां समुद्रावरील न्यायाची चिंता आम्हांसही करणें प्राप्त आहे.

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत नौकेचा विचार आला आहे. नावाड्यांच्या दोषानें नुकसान झालें तर तें त्यांनीं मिळून भरून द्यावें. दैवानें झालें तर दंड नाहीं, असा त्याचा आशय. सूत्र सोपें आहे. मात्र त्यासाठीं नावाडी सांपडावा लागतो.

२७ जून २०१७ रोजीं युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून सुटलेला घातक व्हायरस डेन्मार्कच्या मर्स्क कंपनीच्या जगभरच्या संगणकांत शिरला, आणि त्या समूहाच्या न्हावा-शेवा येथील टर्मिनलचें कामकाज खोळंबलें. कंपनीच्या अंदाजाप्रमाणें तिचें नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर. २०१८ सालीं अमेरिका व ब्रिटन यांनीं रशियाच्या लष्करावर ठपका ठेविला. रशियानें तो नाकारला. आपल्या २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचें ७५ वें कलम, परदेशांत बसून येथील संगणकास अपाय करणाऱ्यासही लागू आहे. पण कलम समुद्र ओलांडतें, शिपाई ओलांडूं शकत नाहीं.

जहाजास ध्वज असतो. खोल समुद्रांत सामान्यतः त्या ध्वजाच्या देशाचा कायदा चालतो. माहितीस ध्वज नाहीं. माझ्या धाकट्या बंधूंचा नातू एका परदेशी जहाजावर अधिकारी आहे. तो सांगत होता, “आजोबा, पहाऱ्यावर डुलकी लागली तर कॅमेऱ्यामागची यंत्रबुद्धि ओळखते आणि नोंद थेट कचेरींत जाते.”

“आणि यंत्रच चुकलें तर दाद कोठें मागशील?” मीं विचारलें. तो नुसता हसला.

मुलगा अकोल्याचा, ध्वज एका देशाचा, कचेरी दुसऱ्या देशांत, यंत्र घडविणारा तिसऱ्या. व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा आपला २०२३ चा कायदा परदेशांतील व्यवहारास, भारतांतील लोकांस माल वा सेवा देऊं करण्यापुरताच स्पर्श करतो. टक्कर टाळण्याचे १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियम हयगयीबद्दल मालक, कप्तान व खलाशी यांस जबाबदार धरतात. यंत्र घडविणाऱ्याचें त्यांत नांव नाहीं. म्हणजे दोष यंत्राचा असला तरी बोट हाताशीं असलेल्या माणसाकडेच वळण्याचें भय आहे.

यासाठीं, ज्या घरचा मुलगा जहाजावर जात असेल तेथील वडीलधाऱ्यांनीं करारपत्रांत पगाराचा आंकडा पाहून थांबूं नये. मुलाविषयींच्या नोंदी कोणत्या देशांत राहणार, त्या त्यास पाहावयास मिळतील काय, आणि तंटा कोणत्या न्यायालयांत चालेल, हे तीन प्रश्न सहीपूर्वीं विचारावे. कायदा नावाडी शोधीपर्यंत एवढी सावधगिरी तरी आपल्या हातीं आहे.