न ओळखणारें मूल

रडविणाऱ्या कथांविषयीं माझें मत फारसें चांगलें नाहीं. डोळ्यांना पाणी आणण्याचें काम कांदाही करतो आणि त्याला तिकीट लागत नाहीं, असें मीं घरांत अनेकदां ऐकविलें आहे. परवां हें बोलणें माझ्या अंगाशीं आलें.

घरांत लावलें होतें स्वीडिश दिग्दर्शक व्हिक्टर शोस्ट्रम यांचें ‘इंगेबोर्ग होल्म’. १९१३ सालचा मूकपट, नील्स क्रोक यांच्या नाटकावरून घेतलेला. बर्गमनच्या १९५७ च्या ‘वाइल्ड स्ट्रॉबेरीज’मधील वृद्ध प्राध्यापक म्हणून हे गृहस्थ पुष्कळांना ठाऊक असतात. त्याच्या ४४ वर्षें आधींची ही कृति.

कथानक ऐकाल तर नाक मुरडाल. दुकानदार नवरा आजारानें जातो, दुकान बुडतें, विधवा इंगेबोर्ग निराश्रितगृहांत येते आणि तिचीं तिन्ही मुलें परक्या घरीं सांभाळावयास दिलीं जातात. मुलगी आजारी पडते, भेटीचा प्रवासखर्च नामंजूर होतो. आई रात्रीं पळून जाते, आणि पोलिस तिला परत आणतात. एवढें होईपर्यंत मी कोरडा होतों.

मग पोसणारी बाई धाकट्याला भेटीस आणते. तें पोर आईला ओळखीतच नाहीं. रडूं लागतें. येथें दुष्ट कोणीच नाहीं. जिनें भरविलें तिच्यावर मुलानें जीव लावला, एवढाच त्याचा अपराध. कॅमेरा जवळ जाऊन अश्रु मोजीत नाहीं. खोली सगळी दिसत राहते, आणि हिल्डा बोर्गस्ट्रमचा चेहरा आपणच शोधावयाचा.

“मामंजी, कांदा आणूं?” सूनबाई म्हणाली. मी चष्मा पुसत होतों.

स्वीडनमध्यें मात्र लोक नुसते रडून घरीं गेले नाहींत. या चित्रावरून गरिबांच्या पोषणाच्या कायद्याविषयीं मोठा वाद माजला. जो कमींत कमी पैसे मागेल त्याच्या हवालीं निराधाराला करण्याची लिलांवाची चाल त्या देशांत होती. ती १९१८ च्या कायद्यानें बंद झाली. त्यांत चित्राचें श्रेय किती, हें तोलण्याच्या भानगडींत मी पडत नाहीं. पण कांद्यानें कुठला कायदा हलविल्याचें ऐकिवांत नाहीं.

शेवट मला पटला नाहीं. वेड लागलेली इंगेबोर्ग लांकडाची फळी बाळासारखी जोजवीत असते. पंधरा वर्षांनीं थोरला मुलगा खलाशी होऊन येतो. आतां आईच त्याला ओळखीत नाहीं. तो तिचाच तरुणपणींचा फोटो पुढें करतो आणि ती भानावर येते. इतक्या वर्षांचा अंधार एका फोटोनें फिटावा, हें जरा सोयीचें झालें. तरी एक गोष्ट मनांत राहिली. तिनें आधीं स्वतःला ओळखलें, मुलाला मागाहून.