चार चिठ्ठ्यांची मुंबई

मे महिन्याची सुट्टी लागली, की घरोघरच्या आयांपुढे एकच प्रश्न: या मुलांचे करायचे काय? पत्ते कुटून होतात, गोळे खाऊन होतात आणि मग हाती आलेला मोबाइल काही केल्या सुटत नाही.

परदेशात ‘जिओकॅशिंग’ नावाचा एक खेळ आहे. २००० साली अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात तो सुरू झाला. एकाने डबा लपवायचा आणि अक्षांश-रेखांश किंवा कोडे द्यायचे. शोधणाऱ्याने डब्यातल्या वहीत नाव लिहून डबा पुन्हा जागच्या जागी ठेवायचा. खेळ मोठा गमतीचा. पण मुंबईत डबा लपवायचा कुठे? बेवारस वस्तूला हात लावू नका, हे लोकलमध्ये ऐकतच आपली मुले वाढलेली! तेव्हा डब्याला आम्ही फाटा दिला. मुंबईत जे आधीपासूनच आहे तेच शोधायचे. चिठ्ठ्या मी लिहिल्या आणि नियम एकच केला: उत्तर मोबाइलला नाही, माणसांना विचारायचे.

पहिली चिठ्ठी गिरगावची: ‘अंगावर काटे, पोटात गरे, वाडीला नाव माझेच बरे.’ मुले चर्नी रोडला उतरली आणि कांदेवाडी की केळेवाडी, यावरून त्यांची जुंपली. सासूबाई नुसत्या हसत होत्या, कारण फणसवाडी हे त्यांचे माहेर! त्यांची चाळ केव्हाच पाडली. पण नळ कुठे होता, पापड कुठे वाळत घालायचे, हे त्यांनी फुटपाथवर उभे राहून बोटाने दाखवले. मुलांना प्रथमच कळले, की आजीही कधी लहान होती! गिरगावातच केशवजी नाईकांच्या चाळी आहेत. तिथे १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसतो. खोताच्या वाडीतली लाकडी सज्ज्यांची घरेही पाहून घ्यावीत. मात्र तिथे माणसे राहतात. आरडाओरडा करू नये आणि फोटो विचारूनच काढावा.

तिथून टॅक्सीने लालबाग. दुसरी चिठ्ठी: ‘डोळे मिटा, नाक उघडा, शिंक आली की थांबा.’ मसाला बाजार सापडायला कितीसा वेळ लागणार! वर्षभराचा मसाला करून न्यायला आलेल्या बायकांची ही गर्दी. एका मावशींनी धाकटीच्या तळहातावर दगडफूल ठेवून “ओळख बघू,” म्हटले. तिला वाटले, वाळलेले पान! एकेकाळी या वस्तीचे घड्याळ म्हणजे गिरण्यांचे भोंगे. १९८२ च्या संपानंतर ते एकेक करून थांबले. आता तिथे उंच इमारती आहेत.

तिसरी चिठ्ठी परळची आणि सगळ्यांत अवघड: ‘नावात बारा, दगडात सात.’ चार जणांना विचारल्यावर पाचव्या आजोबांनी वाट दाखवली: बारादेवी! १९३१ साली रस्त्याचे काम चालू असताना इथे जमिनीतून एक प्रचंड शिळा निघाली. एकाच दगडात शिवाच्या सात मूर्ती, उंची साधारण साडेतीन मीटर, काळ सुमारे सहावे शतक. जमिनीत पुरलेला खरा खजिना तो हाच! शिळा जवळून पाहता आली नाही, तर फोर्टच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात तिची प्रतिकृती आहे.

शेवटची चिठ्ठी दादरची: ‘सहा मैल, पण कुठून?’ आंबेडकर रस्त्यावर, चित्रा सिनेमा होता त्या भागात, इंग्रजी अमदानीतला मैलाचा दगड आहे. त्यावर रोमन आकड्यांत सहा. हे अंतर फोर्टच्या सेंट थॉमस चर्चपासून मोजलेले. ते चर्च १७१८ साली उघडले आणि त्याच्या बाजूच्या तटाच्या दरवाजावरून ‘चर्चगेट’ हे नाव पडले. सहा मैलांचे किलोमीटर करण्याचे गणित मुलांनी तिथेच सोडवले. असे कित्येक दगड फुटपाथ उंच होत गेले तसे जमिनीत बुडाले होते. अलीकडे त्यांतले काही महापालिकेने पुन्हा वर काढले आहेत.

मैत्रिणींनो, हा खेळ करायचा असेल तर सकाळी लवकर निघा. चारच चिठ्ठ्या पुरेत. पाणी, टोप्या आणि लाडवांचा डबा बरोबर घ्या. मुख्य म्हणजे घरातले एक म्हातारे माणूस हाताला धरून न्या. बुडालेला दगड वर काढता येतो. पण नळ कुठे होता, हे सांगणारे गेल्यावर ते कुणाला विचारणार? आपापल्या माहेरच्या वाडीचे कोडे याच सुट्टीत लिहून काढा.